फिक्या गुलाबी रंगाचा मिथेनखाऊ

शोधनिबंधाच्या शीर्षकात रंग सहसा सापडत नाही. 2018 सालच्या एका निबंधाच्या शीर्षकात मात्र तो आहे: मोठ्या पेशींचा, फिक्या गुलाबी रंगाचा, भारतीय भातखाचरातला नवा जिवाणू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि सहकाऱ्यांचं हे काम. जिवाणूचं नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. आकार काकडीसारखा, लांबी 3 ते 6 मायक्रोमीटर, म्हणजे जिवाणूंच्या जगात चांगलाच दांडगा!

आम्ही परभणीकर कापूस-सोयाबीनवाले. भाताशी संबंध ताटापुरता. तरी हे काम मला आवडतं ते त्याच्या नजरेसाठी. भातशेती म्हटलं की चर्चा मिथेन किती निघतो याचीच. भारतीय खाचरांवर परदेशी अंदाजाने वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख टनांचा आळ होता. 1991 च्या मिथेन-मोजणी मोहिमेत शास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून तो 40 लाखांच्या आसपास आणला. रहाळकरांनी पुढचा प्रश्न धरला: चिखलात तयार झालेला मिथेन वर येण्याआधी खातो कोण? भाताची मुळं चिखलात थोडा प्राणवायू सोडतात. तिथेच हे मिथेनखाऊ जिवाणू बसतात, मिथेन जाळून ऊर्जा मिळवतात आणि त्यातलाच काही कार्बन अंगी लावतात.

त्यांना पकडण्याची रीत साधी, पण चिकाटीची परीक्षा पाहणारी. बाटलीत क्षारांचं पाणी, वर हवा आणि मिथेन, दुसरं खाद्य काही नाही. माती पुन्हा पुन्हा विरळ करत जायचं आणि वाट पाहायची. हाच काकडीसारखा जीव पुढे पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या दगडखाणीच्या पाण्यातही भेटला, ही मला या कथेतली सर्वांत सुंदर जागा वाटते. इंद्रायणी वाणाच्या भाताला या जिवाणूमुळे लवकर फुलोरा आला, दाणाही वाढला. पण एका वाणावरून बाटलीबंद खताची जाहिरात करायची घाई नको.

37 अंश सेल्सिअसला तो वाढत नाही. आमच्या मे महिन्याचं काय, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने येलदरी धरणाच्या काठचा गाळ आणि कालव्याखालच्या पाणथळ उसाच्या शेतातली माती अशाच बाटल्यांत घालून पाहावी.