अंगठ्याला कळलेली गोष्ट

गेल्या वर्षी भांडण झालं की मी त्याला म्हणायचे, "तू अव्हॉइडंट आहेस." हा शब्द मी फोनवरच्या एका गेममधून उचलला होता. त्यात प्रसंग यायचे: पार्टनरने मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही, तुम्ही काय कराल? खाली तीन पर्याय. पहिल्यांदा निकाल आला 'अँक्शस'. दुसऱ्यांदा समजूतदार उत्तरं निवडली आणि दहा मिनिटांत 'सिक्युअर' झाले. त्या रात्रीही मी त्याचं लास्ट सीन चार वेळा बघितलं.

अशा गेम्सची अडचण इथेच आहे. अटॅचमेंट म्हणजे विचार करून निवडलेला पर्याय नव्हे. जॉन बोल्बी यांच्या सिद्धान्ताला मेरी एन्सवर्थ यांनी प्रयोगाची जोड दिली ती साधारण वर्षाच्या बाळांना पाहून. आई खोलीतून जाते, परत येते. तेव्हा बाळ काय करतं, एवढंच बघायचं. बाळाला कुणी प्रश्न विचारत नाही. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी ही कल्पना मोठ्यांच्या प्रेमाला लावली आणि त्यासाठी वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली. आजच्या क्विझ तिचीच नातवंडं.

मग मी 'फ्लोरेन्स' खेळले. मेलबर्नच्या 'माउंटन्स' स्टुडिओचा हा छोटा गेम २०१८ च्या व्हॅलेंटाइन डेला आला. फ्लोरेन्स यो पंचवीस वर्षांची, क्रिश हेमराजानी चेलो वाजवणारा. अटॅचमेंट हा शब्द त्यात कुठेही नाही. पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे जिगसॉचे तुकडे जुळवून संवादाचा फुगा भरायचा. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. बोलणं सोपं होतं. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. मी भराभर जुळवत सुटले. जिंकायचं काय होतं, हे विचारायलाही थांबले नाही.

पुढे नातं विरतं. त्या दोघांच्या चित्राचे तुकडे एकमेकांपासून सरकत जातात. मी पुन्हा पुन्हा ओढून जवळ आणत होते. गेम हटेना. शेवटी अंगठा उचलला, तेव्हाच गोष्ट पुढे सरकली. माझी स्टाईल कोणती, हे त्या क्षणी कुणी सांगायची गरज नव्हती.

तरीही 'फ्लोरेन्स'ला पूर्ण मार्क देता येत नाहीत. क्रिशच्या बाजूने आपण कधीच खेळत नाही. तो गप्प होतो तेव्हा त्याच्या आत काय चाललंय, ते कळत नाही. शिवाय गेम आपली सवय दाखवतो, ती बदलून बघायची संधी देत नाही. नातं तुटणार हे आधीच ठरलेलं. भांडणात थांबलो, उशिरा बोललो, तर काय होईल? हे करून बघता येईल असा गेम मला हवाय. तोच प्रसंग एकदा तिच्या आणि एकदा त्याच्या हाताने खेळायला लावणारा. त्यात निकालाचा स्क्रीन नसला तरी चालेल.

आम्ही आता एकत्र नाही. 'अव्हॉइडंट' म्हटल्यावर तो काहीच बोलायचा नाही आणि मला वाटायचं, बघा, सिद्ध झालं. तेव्हा माझ्या हातात एकच तुकडा होता, टोकदार. तो खाली ठेवून "तू गप्प झालास की मला भीती वाटते" एवढं म्हणता आलं असतं.