पित्याचे स्मरण : आकाशातून आणि जमिनीवरून

बारामतीच्या धावपट्टीवरून निघालेली शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने इंदापूरकडच्या उसाच्या शिवारावर घिरट्या घालताना आपल्या मुलांनी पुष्कळदा पाहिली आहेत. तेवढ्या उंचीवरून खालची माणसे दिसतात का, हा मुलांचा ठरलेला प्रश्न. पितृस्मरणाच्या लेखनाचा विचार करताना तोच प्रश्न वेगळ्या अर्थाने समोर येतो. आपल्या नियतकालिकांतील अशा लेखांत वडील कष्टाळू, श्रद्धाळू आणि बहुधा निर्दोष असतात. परंतु ज्या पित्याने युद्धात शहरांवर बॉम्ब टाकले, त्याचे स्मरण कसे करावे?

ब्रिटिश वैमानिक लेनर्ड चेशायर (१९१७–१९९२) आपल्याला अगदीच परके नाहीत. अपंगांसाठी त्यांनी काढलेल्या निवासांपैकी भारतातील पहिला मुंबईत अंधेरीला सुरू झाला. स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच झाला. या दांपत्याला पुढे एक मुलगा व एक मुलगी झाली.

‘बॉम्बर पायलट’ (१९४३) हे त्यांचे पुस्तक युद्ध चालू असतानाच निघाले. त्यात तारुण्याची धुंदी आहे, सहकाऱ्यांविषयी जिव्हाळा आहे. खालचे शहर मात्र मुख्यतः लक्ष्य म्हणूनच येते. ‘द फेस ऑफ व्हिक्टरी’ (१९६१) मध्ये भेटतो तो दुसराच माणूस. १९४८ साली कर्करोगाने मृत्युपंथाला लागलेल्या आर्थर डाइक्स यांची त्यांनी स्वतः शुश्रूषा केली आणि त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला ते कॅथॉलिक झाले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून ‘योद्ध्याचा संत झाला’ असे म्हणण्याचा मोह श्रद्धाळू वाचकाला होतो. तो टाळला पाहिजे, कारण चेशायर यांनी स्वतःच तशी सोय ठेवलेली नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीचा स्फोट त्यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला होता. तरीही ‘द लाइट ऑफ मेनी सन्स’ (१९८५) मध्ये बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये लिमोझच्या कारखान्यातील फ्रेंच कामगार स्त्रियांना इशारा मिळावा म्हणून आधी कारखान्यावरून अगदी खालून विमान नेणारा हाच वैमानिक एप्रिलमध्ये म्युनिक शहरावर लक्ष्यखुणा टाकतो. करुणा आणि कर्तव्य ही एकाच माणसात अशी शेजारी नांदतात.

त्या दिवशी नागासाकीच्या जमिनीवरही एक कॅथॉलिक पिता होता. डॉ. ताकाशी नागाई (१९०८–१९५१) क्ष-किरणांच्या कामामुळे रक्ताच्या कर्करोगाने आधीच ग्रासलेले होते. घराच्या राखेत त्यांना पत्नीची जळालेली हाडे सापडली, सोबत तिची जपमाळ. लहानशा खोपटात अंथरुणावर पडून त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांपैकी १९४८ सालचे एक तर मागे राहणाऱ्या आपल्या दोन मुलांसाठीच आहे. मुलांनी वडिलांचे स्मरण करण्याऐवजी येथे वडीलच मुलांच्या उद्याच्या स्मरणाची तयारी करतात. म्हणून त्या लेखनात उपदेश आहे, पण आत्मगौरव नाही.

तथापि नागाईंनाही प्रश्न विचारलाच पाहिजे. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथॉलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्यू पावले. नोव्हेंबर १९४५ मधील स्मृतिप्रार्थनेत नागाईंनी त्या मृत्यूंना ईश्वरी योजनेतील निष्कलंक अर्पण म्हटले. शोकाकुलांना त्यातून धीर मिळाला असेल. पण बॉम्ब टाकणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे झाकली जाते, ही पुढे जपानमध्ये झालेली टीका मला रास्त वाटते. एका पित्याने बॉम्बला युद्धनीतीचा अर्थ दिला, दुसऱ्याने बलिदानाचा. दोन्ही अर्थांत मेलेले मूल मात्र निरुत्तरच राहते. १९८१ साली हिरोशिमा येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी युद्ध हे मानवाचेच कृत्य असल्याचे सांगितले, तेव्हा या प्रश्नाचा भार पुन्हा माणसाच्या खांद्यावर आला.

आईबापांचा मान राखावा, ही आज्ञा आपल्याला शिरोधार्य आहे. परंतु मान राखणे म्हणजे झाकून ठेवणे नव्हे. पापनिवेदनाला जाताना आपण स्वतःविषयी खरे बोलतो. मग वडिलांविषयी लिहितानाच ते का टाळावे? वडिलांची सेवा जशी नोंदवावी, तशीच त्यांच्या हातून दुखावलेली माणसेही त्या पानावर यावीत. असे स्मरण लिहिणे कठीण आहे, पण मुलांचा विश्वास बसेल तो त्याच्यावरच. विमानातून खालची माणसे दिसतात की नाही, हे वैमानिक जाणे. लिहिणाऱ्याला मात्र ती दिसलीच पाहिजेत.