हुला आणि बैठकीची लावणी : नृत्याच्या मुळाशी असलेला शब्द

हवाई बेटांवरचा हुला जगाला माहीत झाला तो हॉलिवूडच्या चित्रपटांतून : फुलांच्या माळा, गवताचा घागरा आणि डुलणारी कंबर. आपली लावणीही बाहेरच्यांना माहीत झाली ती चित्रपटांतूनच : नऊवारी, घुंगरू आणि शिट्ट्या. या दोन्ही चित्रांतून एकच गोष्ट गळाली आहे. ती म्हणजे शब्द. लावणीची समीक्षा करताना आपणही तीच चूक करत आलो आहोत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पारंपरिक हुला पाठगीताशिवाय होत नाही. देवदेवता, राजवंश, डोंगर, पाऊस, प्रेम हे या गीतांचे विषय. १८२० साली ख्रिस्ती मिशनरी आले, त्यापूर्वी त्या भाषेला लिपी नव्हती. त्यामुळे वंशावळ आणि इतिहास पाठांतरात होता आणि नर्तकाचे हात त्याचा अर्थ दाखवत. वाद्ये साधी : भोपळ्याचे ‘इपू’ आणि शार्कच्या कातड्याने मढवलेला ‘पाहू’. शिक्षण ‘हालाऊ’ या गुरुकुलात आणि नृत्याची देवता लाका हिच्या वेदीसमोर. तिथे शिष्याला गीत अर्थासह मुखोद्गत करावे लागे.

आता सोलापूरकडे पाहू. शाहीर राम जोशी इथलाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा ब्राह्मण तरुण तमाशाच्या नादी लागला आणि घराबाहेर पडला. संस्कृत जाणणाऱ्या या शाहिराने मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषा एकाच लावणीत गुंफण्याचेही प्रयोग केले. बहुभाषी सोलापुरात वाढलेल्या माणसालाच हे सुचावे! अशी रचना नुसत्या ठेक्यावर नाचून पोहोचत नाही, ती कळावी लागते. बैठकीच्या लावणीचे शास्त्र इथून समजते. गायिका बसून गाते, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवते आणि दर वेळी नजरेने, भुवईने, हाताने तिचा निराळा अर्थ काढते. पंढरपूरच्या सत्यभामाबाईंचे मोठेपण या अदाकारीत होते. त्याच गावात रुक्मिणीमातेच्या सेवेकरी उत्पात मंडळींनी लावणीगायन जपले आणि ज्ञानोबा उत्पातांनी त्याचा व्यासंग केला. देऊळ आणि लावणी यांचे हाडवैर असते, तर हे घडले नसते.

दोन्ही कलांवर बंदी आली ती नीतीच्या नावाने. ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने १८३० साली हुलाचे जाहीर प्रयोग बंद केले. १८५९ च्या कायद्याने पैसे घेऊन होणाऱ्या प्रयोगांना परवाना लागू झाला. राजा कालाकाऊआने १८८३ साली आपल्या राज्याभिषेकात हुला पुन्हा सन्मानाने उभा केला, तेव्हा गीतांची नावे असलेली कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. खटला नाचावर नव्हता, छापलेल्या शब्दांवर होता! आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. म्हणजे शब्दाची ताकद बंदी घालणाऱ्यांना पुरती ठाऊक होती. विसर पडला तो कौतुक करणाऱ्यांना.

तुलना मात्र इथे थांबवून एक भेद सांगितला पाहिजे. हुलाला राजाश्रय मिळाला आणि पुढे सारा समाज तो शिकू लागला. लावणी शिकली, जगवली ती मुख्यतः कोल्हाटी आणि तिच्यासारख्या जातींतल्या बायकांनी. तिचे कौतुक झाले, त्यांना मात्र पंगतीला कोणी बसवले नाही. मोडनिंबच्या कला केंद्रांतली गाणारी बाई आणि शहरातल्या महोत्सवातली लावणी यांच्यात आजही हेच अंतर आहे. तिची चीज घ्यायची, तिचे नाव गाळायचे आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचे, ही उचलेगिरी झाली.

हवाईत १९७१ पासून ‘मेरी मोनार्क’ महोत्सवात हुलाची स्पर्धा होते. तिथे जुना ‘काहिको’ आणि नवा ‘आउआना’ यांचे परीक्षण वेगवेगळे होते. नव्याला हिणवले जात नाही आणि जुन्याला त्याच्या गतीची शिक्षाही होत नाही. आपल्या रंगमंचीय लावणीत बरेचदा ध्वनिमुद्रित गाण्यावर चार मिनिटांत पदन्यास उरकला जातो आणि टाळ्यांच्या मोजमापात बैठकीची लावणी संथ ठरते. तिचे परीक्षण वेगळे हवे. गाणारीनेच अदा करावी, पेटी-तबला समोर असावा, रचनाकाराचे आणि जिच्याकडून चीज मिळाली तिचे नाव आधी सांगितले जावे आणि गुण ओळीच्या अर्थविस्ताराला मिळावेत. समीक्षकानेही साडी, ठसका आणि गिरक्या यांवर लेखणी झिजवण्याआधी एवढे विचारावे : ही ओळ बाईंनी किती परींनी सांगितली?