‘प्रतिष्ठा’ की ‘समर्पण’? : प्राचीन इस्रायली उपासनेतील एका संज्ञेची चिकित्सा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पारोळा परिसरातील अनेक घरांत कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. देवता येते, पाहुणचार घेते व परत जाते, हा त्या विधीचा सरळ अर्थ खानदेशातील विद्यार्थ्याला लहानपणापासून ठाऊक असतो. हाच विद्यार्थी यरुशलेमच्या मंदिराच्या ‘प्रतिष्ठे’विषयी मराठीतून वाचू लागला, की आवाहन, प्राणप्रतिष्ठा व विसर्जन यांचा सारा संदर्भ तो नकळत त्या मंदिरात नेऊन ठेवतो. ‘प्रतिष्ठा’ऐवजी ‘समर्पण’ म्हटल्याने अडचण संपत नाही. केवळ तिचे स्थान बदलते. या दोन शब्दांनी मूळ विधींचा अर्थ कितपत पोचतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की आपण ज्यांना सरसकट ‘समर्पणविधी’ म्हणतो त्यांना हिब्रू भाषेत एक नाव नाही. वस्तू किंवा व्यक्ती नित्य व्यवहारातून वेगळी काढून देवाच्या मालकीची करणे, यासाठी ‘कादोश’ या शब्दाचा धातू येतो. याजकांच्या दीक्षेला ‘मिल्लुईम’, म्हणजे हात भरणे, असे म्हटले आहे. लेवीय ग्रंथाच्या 8व्या अध्यायात हा विधी 7 दिवसांचा असून त्यात याजकाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या व उजव्या पायाच्या अंगठ्याला बळीचे रक्त लावले जाते. वेदी, मंदिर व नगराचा तट यांच्या संदर्भात ‘हनुक्का’ हा शब्द योजला आहे. चौथा शब्द ‘हेरेम’. त्याचा विचार शेवटी करू.

यांपैकी ‘हनुक्का’ हा शब्द सर्वांत अधिक गैरसमजाचा विषय झाला आहे. त्याचा मूळ भाव अनुवाद ग्रंथाच्या 20व्या अध्यायातील युद्धनियमांत स्पष्ट दिसतो. ज्याने नवे घर बांधले पण त्याचा हनुक्का केला नाही, त्याने रणातून परत जावे. ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखले नाही, त्यानेही जावे. ज्याची वाग्दत्त वधू अद्याप घरी आली नाही, त्यानेही जावे. तिन्ही उदाहरणांत सूत्र एकच आहे: आरंभ व्हावयाचा राहिलेला उपभोग. येथे घर देवाला अर्पण करण्याचा प्रश्नच नाही. त्या घरात राहावयास लागण्याचा आहे. नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायात मुलाला त्याच्या मार्गाचे वळण लावण्यासाठीही हाच धातू आला आहे. स्टीफन रीफ यांनी 1972 साली या धातूच्या प्रयोगांची छाननी करून ‘समर्पण’ हा रूढ अर्थ अपुरा असल्याचे व ‘वापरास आरंभ’ हा अर्थ अधिक युक्त असल्याचे प्रतिपादन केले. ते प्रस्तुत लेखकास मान्य होण्यासारखे वाटते.

आता शलमोनाच्या मंदिराचा प्रसंग पाहावा. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या 8व्या अध्यायात कोश गाभाऱ्यात ठेवला जातो, मेघ मंदिर भरून टाकतो, मग राजाची प्रार्थना होते, आणि त्यानंतर 22,000 बैल व 1,20,000 मेंढरे यांच्या यज्ञाबरोबर हनुक्काचे क्रियापद येते. म्हणजे दिव्य सान्निध्याचे चिन्ह आधी आणि हनुक्का नंतर. शिवाय याच प्रार्थनेत, आकाशांच्या आकाशातही जो मावत नाही तो या घरात कसा मावेल, असा प्रश्न राजा स्वतःच करतो. ज्या विधीने देवतेला मूर्तीत आणावयाचे, त्या विधीचा कर्ता असा प्रश्न करणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात प्रार्थना संपल्यावर आकाशातून अग्नी उतरतो. लेवीय ग्रंथाच्या 9व्या अध्यायातही दीक्षेनंतर, 8व्या दिवशी, असाच अग्नी प्रकटतो. मग विधीमुळेच सान्निध्य येते, असे का म्हणू नये? आक्षेप सबळ आहे. तथापि या दोन्ही ठिकाणी अग्नी हे स्वीकृतीचे चिन्ह आहे. तो याजकाच्या हातातील साधन नव्हे. देवतेचा प्रवेश घडविणारा मंत्र येथे नाही आणि जिच्यात प्रवेश व्हावयाचा ती मूर्तीही नाही. मूर्तीचा हनुक्का बायबलमध्ये एकाच ठिकाणी येतो, दानिएल ग्रंथाच्या 3ऱ्या अध्यायात; आणि तो आहे नबुखद्नेस्सराच्या सुवर्णमूर्तीचा. आपल्या प्राणप्रतिष्ठेशी तुलना करावयाची तर ती मूर्तीचे मुख धुऊन तिला सचेतन करण्याच्या बाबिलोनी विधीशी करावी, यरुशलेमशी नव्हे.

मग मराठी वाचकाला जवळचा आधार कोणता? तो धर्मशास्त्रातील ‘उत्सर्ग’ या कल्पनेत सापडतो. पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा व उत्सर्ग यांचा एकत्र विचार केला आहे. तळे किंवा विहीर बांधणारा संकल्प व होम करून तिच्यावरील आपले स्वामित्व सोडतो आणि ती सर्वांसाठी मोकळी करतो. येथे विधीचा गाभा देवतेचा प्रवेश हा नसून स्वामित्वाचा त्याग व वापराचा आरंभ हा आहे. म्हणजे दोष ‘प्रतिष्ठा’ या शब्दाचा नाही. आपण त्याचा अर्थ मूर्तीपुरता आकुंचित केला, हा दोष आहे. भेदही मात्र विसरू नये. उत्सर्गात वस्तू सर्व भूतांची होते. इस्रायली पवित्रीकरणात ती परमेश्वराची होते. घर पवित्र म्हणून वाहिलेल्याला ते परत हवे असल्यास ठरलेल्या किमतीवर पंचमांश अधिक द्यावा लागे.

विसर्जनाच्या बाबतीतही अंतर स्पष्ट आहे. हनुक्काला विसर्जन नाही. पण विटाळ आहे, आणि विटाळानंतर पुन्हा आरंभ आहे. इ. स. पू. 164 मध्ये यहूदा मक्काबी व त्याच्या सहकाऱ्यांनी भ्रष्ट झालेली वेदी उतरविली, तिचे दगड संदेष्टा येईपर्यंत बाजूला ठेवले आणि न घडविलेल्या दगडांची नवी वेदी रचली. भ्रष्ट वेदीचे दगडही त्यांनी टाकून दिले नाहीत. एकदा दिलेली वस्तू परत आपली होत नाही, ही जाणीव यामागे दिसते.

महाराष्ट्रात हा विषय केवळ ग्रंथगत नाही. मराठी ही मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजाने 1796 साली मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय उभारले. त्याआधीपासून त्यांच्या घरांत नवस व ‘मलिदा’ चालत आले आहेत. पोहे, खोबरे, साखर व फळे ताटात मांडून एलियाहू हन्नबीचे स्मरण करावयाचे, हे त्याचे रूप. नवसाने मुलाचे केस राखण्याच्या त्यांच्यातील चालीचे नाते गणना ग्रंथातील नाजीरव्रताशी जोडले जाते. त्यावरून मलिदा हा प्राचीन अन्नार्पणाचाच अवशेष, असे मानण्याचा मोह होतो. पण मलिदा हे नाव फार्सी आहे, आणि तोच पदार्थ दर्ग्यांतही वाटला जातो. केस राखून नवस फेडणे खानदेशातील जावळालाही अपरिचित नाही. विधीचे बाह्य रूप शेजारातून येते. तो कोणाच्या नावे व कोणत्या ग्रंथाच्या आधारे केला जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो. साम्यावरून वंशावळ सिद्ध करणे तुलनात्मक अभ्यासाला शोभणारे नाही.

उरला ‘हेरेम’. हेही समर्पणच, पण त्यात वस्तू सोडवून घेता येत नाही आणि माणूस हेरेम ठरला तर त्याला जिवंत ठेवावयाचे नसते. यरीहो नगराचा संहार याच शब्दाने सांगितला आहे. 1868 साली धीबान येथे सापडलेल्या मेशाच्या शिलालेखात मवाबचा राजा हाच शब्द इस्रायलाच्या एका नगराविषयी वापरतो. तेव्हा ही एकट्या इस्रायलाची कल्पना नव्हती. मात्र मराठीत याही ठिकाणी ‘समर्पण’ हा सौम्य शब्द योजल्यास वाचकापासून एक भीषण सत्य लपविले जाते.

म्हणून हनुक्कासाठी ‘आरंभविधी’, कादोशच्या धातूसाठी ‘पवित्रीकरण’, मिल्लुईमसाठी ‘याजकदीक्षा’ अशा भिन्न संज्ञा योजाव्यात आणि हेरेम हा शब्द तसाच ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. याहून योग्य शब्द कोणी सुचविल्यास आनंदच आहे. देवाला देणे म्हणजे वापरास आरंभ करणे, स्वामित्व सोडणे, सेवेस नेमणे की नष्ट करणे, हे चार प्रश्न प्राचीन इस्रायलाने वेगळे ठेवले होते. आपल्या भाषेने ते एक करू नयेत, एवढीच अपेक्षा.