इर्माच्या घशातले नाक

फ्रॉइडचा विषय निघाला की आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण हमखास पुढे येते. त्याचा दावा याहून धाडसी होता : स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती. १८९९च्या अखेरीस निघालेल्या (आणि वर १९०० साल छापलेल्या) त्याच्या स्वप्नमीमांसेत या दाव्याचा नमुना म्हणून येते ते त्याचे स्वतःचेच स्वप्न, २३-२४ जुलै १८९५च्या रात्रीचे.

इर्मा ही त्याची रुग्ण. स्वप्नात ती घसा आणि पोट दुखत असल्याचे सांगते. तो तिचे तोंड उघडून पाहतो, तर आत पांढरा चट्टा आणि नाकातल्या हाडांसारखे काहीतरी, खपल्या धरलेले. शेवटी दोष जातो ऑटो या डॉक्टरमित्राकडे : त्याने इंजेक्शन दिले आणि सिरिंज बहुधा स्वच्छ नव्हती. फ्रॉइडचा निष्कर्ष असा, की इर्माच्या दुखण्याला मी जबाबदार नाही, ही माझी इच्छा स्वप्नाने पुरी केली.

पण घशात नाक कुठून आले? फ्रॉइड इथे स्वतःच्या नाकाची सूज सांगतो, कोकेनही सांगतो. सांगत नाही ते वेगळेच. त्याच वर्षाच्या आरंभी त्याचा बर्लिनचा मित्र फ्लीस याने एमा एकस्टाइन या त्याच्या रुग्णाच्या नाकावर शस्त्रक्रिया केली होती. पुढे दुसऱ्या सर्जनने जखमेतून सुमारे अर्धा मीटर गॉझ ओढून काढले. रक्ताचा लोट आला, आणि फ्रॉइडलाच भोवळ आल्यासारखे झाले. हे त्याने फ्लीसला पत्राने कळवले. १९५०च्या पत्रसंग्रहातून हा भाग गाळला गेला. १९६६ साली माक्स शूर यांनी तो उजेडात आणला.

इर्मा म्हणजेच एमा, असे माझे म्हणणे नाही. अभ्यासकांनी दुसरेही नाव सुचवले आहे. सारे सांगितलेले नाही, हेही फ्रॉइड कबूल करतो. प्रत्येक स्वप्नाला एक अथांग जागा, एक ‘नाभी’ असते, ही त्याची प्रसिद्ध तळटीप. ती पडते नेमकी इर्मा तोंड उघडायला कांकू करते तिथे!

माझा आक्षेप पुढचा आहे. १८९६ साली फ्रॉइडने फ्लीसला लिहिले, की एमाचे रक्तस्राव उन्मादाचे, तिच्या ओढीतून उपजलेले होते. डॉक्टरच्या स्वप्नात इच्छा शोधणारे तत्त्व इथे रुग्णाच्या रक्ताला लावले गेले, आणि फ्लीस सुटला. एमाच्या चेहऱ्यावरचे व्यंग मात्र कायम राहिले.