अंथरूण कुणाच्या हातचं? मनमाडचं भाषण पुन्हा वाचताना

मंडळी, गारगोटीत उभं राहून रेल्वेवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडं रूळ नाहीत, गाडी बघायची तर एसटीनं कोल्हापूर गाठावं लागतं. तरी विषय निवडला, कारण एका भाषणाच्या वाचनाबद्दल माझी जुनी तक्रार आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथं बाबासाहेब बोलले. त्यातला एक मुद्दा आपल्या सगळ्यांना पाठ आहे : कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. जयंतीच्या फलकावर तो असतो, परीक्षेच्या उत्तरात असतो, आणि तिथंच वाचन थांबतं. मला विचाराल तर भाषणाचा जीव त्याच्या पुढं आहे. तिथं एक पोर्टर येतो.

बाबासाहेब विचारतात, रेल्वेत अस्पृश्य माणूस कुठं आहे? गँगमन म्हणून, रुळावर. त्याचा जन्म तिथंच जातो, वरची जागा जवळजवळ नाहीच. त्याला साधं पोर्टर म्हणूनही सहसा घेत नाहीत. कारण काय सांगितलंय बघा. पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरीही राबतो. स्टेशनमास्तर सवर्ण, त्याला घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. म्हणजे सरकारी दप्तरात कुठंही न लिहिलेला नियम स्वयंपाकघरातून निघतो आणि नोकरभरतीत जाऊन बसतो. ब्राह्मणशाही म्हणजे काय, हे याहून नेमकं कुणी सांगितलंय असं मला वाटत नाही. ब्राह्मण जातीची सत्ता एवढाच त्या शब्दाचा अर्थ नाही, समता-स्वातंत्र्य-बंधुत्वाचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, असं ते तिथंच सांगतात. पण पोर्टर वगळून ती व्याख्या वाचली, की हवेत तरंगते.

एक खुलासा इथंच करतो. हा पोर्टर म्हणजे लाल सदऱ्यातला, हातावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल नव्हे. हमाल परवान्यावर काम करतो, त्याला रेल्वेचा पगार नसतो. बाबासाहेबांचा पोर्टर रेल्वेचा नोकर, स्टेशनावर पडेल ते काम करणारा. आणि तिसरा पोर्टर आहे अमेरिकेतला. त्याच्याशी तुलना करायची हौस आपल्याकडं फार आहे, म्हणून त्याच्याकडं जाऊ.

जॉर्ज पुलमन नावाच्या माणसानं १८६७ ला झोपण्याच्या डब्यांची कंपनी काढली. डब्यातल्या सेवेसाठी त्यानं काळी माणसं घेतली, सुरुवातीला तर बरीचशी नुकतीच गुलामीतून सुटलेली. रात्री बिछाने घालायचे, पहाटेपर्यंत बूट चमकवून ठेवायचे, घंटी वाजली की हजर व्हायचं. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालकाच्या नावानं, गुलामीतल्यासारखं. महिन्याला ४०० तास काम, पगार तुटपुंजा, म्हणून बक्षिसीसाठी हसत राहायचं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. तिथल्या गोऱ्या प्रवाशाला काळ्या हातानं घातलेलं अंथरूण हवंच होतं, ती चैनीची खूण होती. तोच हात शेजारच्या बाकावर तिकीट काढून बसला तर मात्र चालत नव्हता. इथं तो हात अंथरुणापर्यंत पोचणंच अशक्य. तिथं सेवा लादली, इथं सेवेचीही बंदी. ‘काळे तिथं, दलित इथं’ अशी सरळ रेघ ओढणारे हा फरक गिळून टाकतात. १९७२ साली दलित पँथरनं नाव तिकडून घेतलं, त्या नात्याचं मोल मी कमी करत नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ ला ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. पण नातं जोडायचं तर दोन्ही घरं नीट बघून जोडावं.

आणि इथं बाबासाहेबांशीही थोडं भांडायला हवं. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना ते म्हणतात, गुलाम मालकाची मालमत्ता, म्हणून मालक त्याची काळजी तरी घेतो, त्याला घरात घेतो, शिकवतो. त्यांचा भर रोमवर आहे. तिथं तो मुद्दा टिकतो. अमेरिकेतल्या मळ्यावर टिकत नाही, तिथं गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता. घरात प्रवेश मिळाला म्हणजे माणूसपण मिळालं असं होत नाही. पुलमनचा पोर्टर रात्रभर प्रवाशाच्या उशाशी असे, आणि त्याचं नावही कुणाला माहीत नसे.

हात चालतो की नाही हा प्रश्न कोल्हापुरानं एकदा चहाच्या कपात सोडवला होता. गंगाराम कांबळेंना हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारलं. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं चहा प्याले, सोबतच्या मंडळींनाही पाजला. गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलीय. पण मनमाडच्या शेजारी ठेवून बघा. महाराजांनी कांबळेंना मालक केलं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हातचा चहा आणि नोकराच्या हातचा चहा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढचं थोडक्यात. पुलमनच्या पोर्टरांनी १९२५ ला न्यूयॉर्कमध्ये संघटना बांधली. पुढारी नेमले ए. फिलिप रँडॉल्फ, जे पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. गोऱ्यांच्या रेल्वे युनियन काळ्यांना सभासदही करून घेत नव्हत्या. १२ वर्षांनी, ऑगस्ट १९३७ मध्ये, करार झाला आणि ४०० तासांचे २४० झाले. मनमाड त्यानंतर सहाच महिन्यांनी. कामगारांत फूट पाडता, हा आरोप दोन्हीकडं झाला. मनमाडचं उत्तर असं : गिरणीतलं विणकाम खातं अस्पृश्याला बंद ठेवणारा कामगारच असेल, तर फूट आधी कुणी पाडली?

आणखी एक. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून नोकरीत घ्यायची घोषणा झाली. हजारो हमालांना ती बढती वाटली, पगार आणि पेन्शन होती म्हणून. १९३८ ला जी जागा खोडा होती, ती ७० वर्षांनी सुटका झाली! २०१६ ला हमालाचं नाव ‘सहायक’ केलं. फलाटावर हाक अजून ‘ए हमाल’ अशीच येते.

बरं, मी बराच बोललो. समोर मागच्या रांगेत मिरज-कोल्हापूर लाइनवर काम केलेले दोघं बसलेत, मघाशी चहाला भेटले. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ. दादा, माइक घ्या.