मोसुल विद्यापीठ : इमारतीपलीकडची पुनर्रचना

संघर्षग्रस्त देशातील उच्च शिक्षणाच्या पुनर्रचनेचे मोजमाप बहुधा इमारतींवरून होते. इराकमधील मोसुल विद्यापीठाबाबतही तेच घडले. जून २०१४ मध्ये शहर आयसिसच्या ताब्यात गेले. तत्त्वज्ञान, कायदा हे विभाग बंद पडले, पुढे ग्रंथालयही जळाले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ते पुन्हा उघडले. त्याचे कौतुक झाले व ते योग्यच आहे. परंतु मधल्या काळात विद्यापीठ संपले नव्हते! विस्थापित प्राध्यापकांनी किर्कुक व दोहुक येथे मिळेल त्या जागेत वर्ग चालविले. हे आपल्यासारख्या अध्यापकांनी तरी विसरू नये. नव्या ग्रंथालयात किती पुस्तके आली, हे विचारले जाते. अभ्यासक्रम ठरविताना या प्राध्यापकांचा शब्द किती चालतो, हे आधी विचारावयास हवे.